फोनवर आकृत्या काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फोनच्या पडद्यावर फ्लोचार्ट, जोडणी-आकृत्या आणि आराखडे काढताना येणाऱ्या अडचणींविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ड्रॉ.आयओ किंवा एक्सकॅलिड्रॉ यांचाच उल्लेख केला आहे. आकृत्या काढण्याची ही दोन्ही साधने ब्राउझरमध्ये चालतात आणि मोफत वापरता येतात, त्यामुळे उत्तरेही त्यांना धरूनच आहेत. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. अरुंद पडद्यावर हे मेनू बहुधा कोपऱ्यातल्या आडव्या रेषांच्या चिन्हात दडलेले असतात. नाव सापडले नाही तर आधी तिथे पाहा.

प्रश्न : ड्रॉ.आयओमध्ये फ्लोचार्ट काढते. कितीही काळजी घेतली तरी चौकोन एका ओळीत येत नाहीत आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत मध्येच छोटी पायरी पडते. बोट स्थिर ठेवण्याची काही युक्ती आहे का? (एक शिक्षिका)

बोट स्थिर ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. थोडा हिशेब केला की कारण लगेच कळते. उभ्या धरलेल्या फोनच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या मापात साधारण ३६० ते ४०० पिक्सेल असते. तुमची आकृती ८०० एकक (१०० टक्के झूमवर एक एकक म्हणजे एक पिक्सेल) रुंद असेल आणि ती सगळी पडद्यावर बसवली असेल, तर झूम ४५ ते ५० टक्क्यांवर येतो. ड्रॉ.आयओच्या ग्रिडचे, म्हणजे मागच्या चौकटींच्या जाळीचे, एक घर १० एककांचे असते. म्हणजे पडद्यावर ते जेमतेम ५ पिक्सेल भरते. आता बोटाचा विचार करा. बोटाने नीट दाबता यावे म्हणून बटण निदान ४४ ते ४८ पिक्सेलचे असावे, असे फोनच्या प्रणाली बनवणारेच सांगतात. या झूमवर ४८ पिक्सेल म्हणजे आकृतीतली जवळजवळ ९६ एकके. ड्रॉ.आयओचा नेहमीचा चौकोन १२० बाय ६० असतो. म्हणजे जो चौकोन तुम्ही जागेवर बसवू पाहता, तो बहुतेक सगळा बोटाखाली झाकलेला असतो.

म्हणून बोटाने फक्त ढोबळ जागा ठरवा आणि नेमकेपणाचे काम मेनूवर सोपवा. ओळीत हवे असलेले चौकोन निवडा आणि ‘अरेंज’मधल्या ‘अलाइन’मध्ये ‘मिडल’ निवडा, उभ्या रांगेसाठी ‘सेंटर’. मधली अंतरे सारखी हवी असतील तर तिथेच ‘डिस्ट्रिब्यूट’ आहे. एखादा चौकोन नेमक्या जागी हवा असेल तर फॉरमॅट पॅनेलच्या ‘अरेंज’ टॅबमध्ये डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची हे सरळ आकड्यांत भरता येते. दोन आकडे टाइप करायला लागणारा वेळ तीनदा ओढण्यापेक्षा कमीच असतो.

रेषेतल्या पायरीचे कारण मात्र वेगळे आहे आणि ते संगणकावरही तेवढेच छळते. चौकोनाची उंची ६०, त्यामुळे त्याचा मध्य वरच्या कडेपासून ३० वर. निर्णयाचा तिरपा चौकोन मुळात ८० बाय ८० येतो, त्याचा मध्य ४० वर. दोघांच्या वरच्या कडा ग्रिडच्या एकाच रेषेला टेकवल्या की मध्यांत १० एककांचा फरक राहतो आणि तेवढीच पायरी रेषेत उमटते. ‘अलाइन, मिडल’ने ती जाते. पण मुळातूनच टाळायची असेल तर सगळ्या आकारांची उंची सारखी घ्या, ८० घेतली तर उत्तम. मग ग्रिडही १० वरून २० करता येतो. काही न निवडता फॉरमॅट पॅनेल उघडले की ‘डायग्राम’ टॅबमध्ये ग्रिडचा आकडा दिसतो. घर मोठे झाले की बोटाची थरथर पचते आणि आकार चटकन जागेवर बसतो. मात्र ग्रिड २० वर असताना काही आकार ६० उंचीचे आणि काही ८० चे अशी सरमिसळ ठेवू नका. नुसत्या ग्रिडच्या आधाराने ओढून त्यांचे मध्य जुळणारच नाहीत, कारण एकाचा मध्य नेहमी दोन घरांच्या अधेमध्ये पडेल.

आणखी एक सोय फोनवर फार उपयोगी पडते. चौकोन कुठेही टाका, फक्त बाण नीट जोडा, मग ‘अरेंज, लेआउट, व्हर्टिकल फ्लो’ निवडा. सगळी मांडणी आपोआप होते. परत मागे जाणारे बाण असलेल्या आकृतीत ही मांडणी कधी कधी गुंतागुंतीची होते. नाही आवडली तर एकदा अनडू करा, काही बिघडत नाही.

प्रश्न : बाण चौकोनाला चिकटल्यासारखा दिसतो, पण चौकोन हलवला की बाण जागच्या जागी लटकत राहतो. (डिप्लोमाचा विद्यार्थी)

बाणाचे टोक चौकोनाच्या कडेवर टेकले म्हणजे ते जोडले गेले असे नाही. बाण ओढत नेताना बोट चौकोनाच्या आत गेले पाहिजे आणि त्या चौकोनाभोवती निळी कड उमटली पाहिजे. ती दिसल्यावरच बोट उचला. बोटाखाली कड दिसत नसेल तर झूम थोडा वाढवा, इतपतच की दोन्ही चौकोन पडद्यावर राहतील.

जोड दोन प्रकारची असते. पूर्ण चौकोनाभोवती कड उमटलेली असताना सोडले तर जोड तरती राहते : चौकोन कुठेही नेला तरी बाण स्वतःच जवळची बाजू शोधतो. कडेवरच्या एखाद्या छोट्या खुणेवर सोडले, ती खूण हिरवी झाली, तर जोड त्याच बिंदूला पक्की होते. फ्लोचार्टसाठी तरती जोड बरी. वायरिंगच्या किंवा पाइपच्या आकृतीत, जिथे कोणत्या टोकातून काय निघते याला अर्थ असतो, तिथे पक्कीच जोड हवी. नाहीतर घटक हलवल्यावर तार भलत्याच टोकाला जाऊन बसते आणि आकृती दिसायला ठीक पण अर्थाने चूक होते. ही चूक नजरेतून सहज निसटते, म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक टोक तपासाच.

फोनवर बाण ओढण्याचा त्रास टाळायचा असेल तर चौकोन निवडल्यावर त्याच्या चार बाजूंना दिसणारे फिकट बाण वापरा. हव्या बाजूच्या बाणावर टॅप केले की पुढचा आकार आणि त्याला जोडणारा बाण एकत्रच तयार होतात. ही जोड सुटी राहत नाही. नवा आकार नंतर बदलता येतो, नाव नंतर लिहिता येते.

जोड खरी झाली का हे पाहायचे तर चौकोन थोडा हलवा. बाण मागे आला तर झाली. मग अनडू करा.

प्रश्न : कॅन्व्हास सरकवायला जावे तर चौकोनच सरकतो. पुष्कळ चौकोन एकदम निवडायचे कसे तेही कळत नाही. आणि कडेने बोट फिरवले की अख्खे पान मागे जाते. (नाव दिलेले नाही)

तीनही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत : माउसला दोन बटणे आणि चाक असते, बोटाला यातले काहीच नाही. त्यामुळे त्याच स्पर्शाचे वेगवेगळे अर्थ लावले जातात आणि ते ठाऊक असावे लागतात.

ड्रॉ.आयओमध्ये रिकाम्या जागेवर एक बोट ओढले की कॅन्व्हास सरकतो, आकारावर ओढले की आकार सरकतो. रिकाम्या जागेवर बोट क्षणभर दाबून धरून मग ओढले की निवडीची चौकट उघडते. तिच्यात येईल ते सारे निवडले जाते. आधीच निवडलेल्या आकारावर पुन्हा टॅप केले की मेनू येतो, दोनदा झटपट टॅप केले की मजकूर लिहिता येतो. एक्सकॅलिड्रॉत उलट आहे. तिथे निवडीचे साधन हातात असताना एक बोट ओढले की थेट निवडीची चौकट येते, आणि कॅन्व्हास सरकवायला दोन बोटे लागतात. दोन्ही संपादक आलटूनपालटून वापरणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

आकृतीमागे मोठी रंगीत चौकट घातली असेल तर रिकामी जागा उरतच नाही, आणि दर वेळी तीच चौकट बोटाला लागते. ती वेगळ्या लेयरवर, म्हणजे आकृतीच्या वेगळ्या थरावर, टाका. ‘व्ह्यू’मध्ये ‘लेयर्स’ उघडा, नवा लेयर घ्या, चौकट निवडून त्या लेयरवर हलवा आणि त्याच्या नावाशेजारचे कुलूप बंद करा. मग चौकट दिसते, पण बोटाला सापडत नाही. एवढे झाल्यावर यादीतल्या मूळ लेयरवर टॅप करून तोच चालू आहे ना हे बघून घ्या. नवे आकार नेहमी चालू लेयरवर जातात.

पान मागे जाते ते संपादकामुळे नाही. फोनच्या कडेवरून बोट आत ओढले की ‘मागे जा’ ही फोनची स्वतःची खूण आहे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये नॅव्हिगेशनसाठी तीन बटणांचा पर्याय असतो, आकृती काढण्यापुरता तो घ्या. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये वरून खाली ओढले की पान पुन्हा लोड होते, तोही धोका आहेच. दोन्हींवर निम्मा उतारा म्हणजे संपादक ‘होम स्क्रीनवर जोडा’ने फोनवर बसवणे. पत्त्याची पट्टी जाते, जागा वाढते आणि चुकून दुसऱ्या टॅबवर जाणे थांबते. आयफोनवर हा पर्याय सफारीच्या शेअर मेनूत आहे.

फोन आडवा धरावा की उभा? आकार मांडताना आडवा, मजकूर लिहिताना उभा. आडव्या फोनवर कीबोर्ड उघडला की आकृतीसाठी जेमतेम एक पट्टी उरते.

प्रश्न : ब्राउझरमध्ये सेव्ह केलेली आकृती काही दिवसांनी गायब झाली. दुसरीकडे डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एकाच आकृतीच्या सात-आठ प्रती साचल्या आहेत. नवी कोणती ते ओळखू येत नाही. (एका कार्यशाळेतील पर्यवेक्षक)

पहिल्यांदा आकृती उघडताना ‘कुठे सेव्ह करायची’ असे विचारले जाते. घाईत ‘ब्राउझर’ निवडले जाते आणि नुकसान तिथूनच सुरू होते. ब्राउझरमधली साठवण ही ब्राउझरच्या मर्जीवर असते. कोणी साइटचा डेटा पुसला, फोनमधली जागा मोकळी करणाऱ्या अ‍ॅपने साफसफाई केली, खासगी खिडकीत काम केले, तर आकृती गेलीच. आयफोनवर आणखी एक नियम आहे. २०२० पासून सफारी अशी साठवण ७ दिवसांच्या वापरानंतर पुसते, त्या काळात त्या साइटवर तुम्ही फिरकला नसाल तर. होम स्क्रीनवर जोडलेल्या अ‍ॅपला ही मुदत लागू होत नाही. पण त्याची साठवण सफारीपासून वेगळी असते, म्हणून सफारीत ठेवलेली आकृती त्या अ‍ॅपमध्ये दिसणार नाही. ती आधी फाइल म्हणून बाहेर काढून मग अ‍ॅपमध्ये उघडा.

प्रती साचण्याचे कारण साधे आहे. ‘डिव्हाइस’ निवडल्यावर संगणकावर जुन्या फाइलवरच नवी लिहिता येते, फोनच्या ब्राउझरमध्ये मात्र बहुतेक वेळा प्रत्येक सेव्ह म्हणजे नवे डाउनलोड असते. नाव तेच, पुढे कंसात आकडा. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत नवी असेही दर वेळी नसते, कारण मधली प्रत काढून टाकली की तो आकडा पुन्हा वापरला जातो. फाइल मॅनेजरमध्ये तारखेप्रमाणे लावून पाहा.

या दोन्हींतून सुटण्यासाठी फाइल गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर ठेवा. ड्रॉ.आयओ तिन्हींना जोडता येते. बदल आपोआप जतन होतात आणि फाइल एकच राहते. गूगल ड्राइव्हवर जुन्या आवृत्त्याही मिळतात, पण त्या कायमच्या नसतात : अशा फाइलींच्या ३० दिवसांपेक्षा जुन्या किंवा १०० पेक्षा जास्त झालेल्या आवृत्त्या काढल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या टप्प्यावर ‘मेक अ कॉपी’ करून नावात तारीख घाला.

इंटरनेट नसलेल्या जागी काम करायचे असेल तर डिव्हाइसच बरे. मग शिस्त एवढीच ठेवा की काम संपल्यावर शेवटची प्रत नव्या नावाने ठेवून बाकीच्या त्याच वेळी काढून टाकायच्या. कमी मेमरीच्या फोनवर मध्येच फोन घेतला किंवा कॅमेरा उघडला की मागचा टॅब बंद पडतो आणि परतल्यावर पान नव्याने उघडते. म्हणून ‘अनसेव्ह्ड चेंजेस’ ही पट्टी दिसत असताना दुसऱ्या अ‍ॅपवर जाऊ नका. आधी तिच्यावर टॅप करा.

ड्रॉ.आयओची फाइल फाइल मॅनेजरमधून उघडत नाही, ही तक्रारही दोघांनी केली आहे. फोनला तो प्रकार ओळखीचा नसतो. आधी संपादक उघडा आणि त्यातूनच ‘ओपन फ्रॉम, डिव्हाइस’ने फाइल घ्या.

प्रश्न : मराठी मजकूर चौकोनाबाहेर सांडतो, वेलांट्या कापल्या जातात. एसव्हीजी करून मुद्रकाला पाठवली तर मजकुराच्या जागी इंग्रजीत काहीतरी सूचना छापून आली. (नियतकालिकाच्या संपादन विभागातून)

आधी दुसरा भाग, कारण तो महागात पडतो. ती सूचना ‘टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी’ अशी असणार. ड्रॉ.आयओ ओळी आपोआप मोडता याव्यात म्हणून लेबल वेबपानाच्या भाषेत लिहिते आणि ते एसव्हीजीच्या आत ठेवते. ब्राउझरला ते वाचता येते, चित्रे संपादित करणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना येत नाही. मग मजकुराऐवजी ती सूचना दिसते. उपाय असा : सगळे निवडा, फॉरमॅट पॅनेलच्या ‘टेक्स्ट’ टॅबमध्ये ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ या दोन्ही खुणा काढा, मग एसव्हीजी करा. आता ओळी आपोआप मोडणार नाहीत, लांब लेबलांत एंटर देऊन त्या हाताने मोडाव्या लागतील. एवढे केले तरी मुद्रकाकडे तुमचा फॉन्ट नसेल तर दुसराच फॉन्ट लागेल आणि जोडाक्षरांचे रूप बदलू शकेल. म्हणून मराठी मजकूर असलेली आकृती छपाईला पीडीएफ करूनच पाठवावी, असे आमचे ठाम मत आहे. फॉन्ट फाइलीतच राहतो आणि कडाही तीक्ष्ण राहतात. पीडीएफ एकदा दुसऱ्या उपकरणावर उघडून जोडाक्षरे बघा आणि मगच पाठवा.

मजकूर सांडण्याचे कारण देवनागरीच्या उंचीत आहे. वर वेलांटी, रफार आणि मात्रा, खाली उकार. ६० उंचीच्या चौकोनात १२ च्या अक्षरांत इंग्रजीच्या तीन ओळी निवांत बसतात, मराठीच्या तीन ओळी दाटीवाटीने. एसव्हीजी करायचे नसेल तर ‘वर्ड रॅप’ चालू ठेवा, चौकोनाची उंची ८० करा आणि लेबल दोन ओळींत बसवा. तरीही लेबल मोठे होत असेल तर चौकोन निवडून ‘ऑटोसाइज’ वापरा. मात्र ऑटोसाइज प्रत्येक चौकोनाला त्याच्या मजकुराएवढाच आकार देते, मग वर सांगितलेली सारख्या उंचीची शिस्त मोडते. ते एखाद्याच अवघड लेबलापुरते ठेवा.

मजकूर टाइप करताना कीबोर्ड अर्धा पडदा घेतो आणि लिहीत असलेला चौकोन खाली झाकला जातो. लिहिण्याआधी तो चौकोन पडद्याच्या वरच्या भागात सरकवून घ्या. लेबले पुष्कळ असतील तर आधी टिपणवहीच्या अ‍ॅपमध्ये सगळी लिहून एकेक चिकटवणे सोपे पडते. चिकटवताना मूळचा रंग आणि आकार सोबत आला तर ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ करा.

एक्सकॅलिड्रॉच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी मजकूर साध्या फॉन्टात येतो आणि आकड्यांच्या किंवा इंग्रजी शब्दांच्या शेजारी विजोड दिसतो. तिथे सुरुवातीपासून साधा फॉन्टच निवडा.

प्रश्न : पीएनजी करून पाठवलेली आकृती छापल्यावर धूसर येते. काहींच्या फोनवर तर ती नुसती काळीच दिसते.

काळी दिसते ती ‘ट्रान्स्परंट बॅकग्राउंड’मुळे. पार्श्वभूमी पारदर्शक, रेषा काळ्या, आणि पाहणाऱ्याच्या फोनवर गडद थीम : काळ्यावर काळे. एक्स्पोर्ट करताना ती खूण काढा.

धूसरपणाला दोन कारणे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पिक्सेल कमी असणे हे पहिले. १०० टक्के झूमवर एका एककाला एक पिक्सेल मिळतो. ए४ कागदाच्या दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला तर छपाईला १८० मिलिमीटर रुंदी उरते. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरले तर, तिच्यासाठी सुमारे २१२५ पिक्सेल लागतात. आकृती ७०० एकक रुंद असेल तर एक्स्पोर्टच्या चौकटीत झूम ३०० टक्के लिहा, २१०० पिक्सेल मिळतील. कडेने रेषा कापल्या जाऊ नयेत म्हणून बॉर्डर १० ठेवा.

दुसरे कारण म्हणजे अक्षरच लहान असणे. याला झूमचा आकडा वाढवून काहीही उपयोग होत नाही. ७०० एककांच्या आकृतीत १२ चे अक्षर त्या १८० मिलिमीटरच्या रुंदीत छापले की पावणेनऊ पॉइंटच्या आसपास येते. वाचता येते. आकृती १४०० एकक रुंद झाली की तेच अक्षर साडेचार पॉइंटच्याही आत जाते आणि मराठी मात्रा एकमेकांत मिसळतात. मग एकतर अक्षर २४ करा किंवा आकृती दोन पानांवर वाटा.

पाठवण्याच्या वेळीही काळजी घ्यावी लागते. मेसेजिंगच्या अ‍ॅपमधून चित्र ‘फोटो’ म्हणून गेले की ते दाबून लहान केले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ज्यांनी ‘इन्क्लूड अ कॉपी ऑफ माय डायग्राम’ ही खूण करून पीएनजीतच मूळ आकृती दडवली असेल, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. फोटो म्हणून पाठवल्यावर चित्र उरते, आतली आकृती पुसली जाते, आणि समोरच्याला ती संपादित करता येत नाही.

प्रश्न : लेखणी घ्यावी का? आणि एक्सकॅलिड्रॉत लेखणी वापरल्यापासून बोटाने काहीच काढता येत नाही, ते का?

दुसऱ्याचे उत्तर आधी. पडद्याला खऱ्या लेखणीचा स्पर्श झाला की एक्सकॅलिड्रॉ स्वतःहून पेन मोडमध्ये जाते, म्हणजे तळहात टेकला तरी रेघोट्या उमटत नाहीत. तेव्हापासून बोटाने रेखाटन होत नाही. वरच्या साधनपट्टीत पेनचे चिन्ह दिसेल, ते बंद करा.

लेखणी दोन जातींच्या मिळतात. रबरी टोकाची साधी लेखणी कोणत्याही फोनवर चालते, पण पडद्याला बोटासारखाच रुंद स्पर्श लागत असल्यामुळे तिचे टोकही जाडच असते. नेमकेपणा फारसा वाढत नाही, फक्त बोटाची सावली दूर होते. बॅटरीवाली किंवा फोनच्या खास पडद्याशी बोलणारी लेखणी खरोखर बारीक चालते, पण ती प्रत्येक फोनवर चालेलच असे नाही. अ‍ॅपल पेन्सिल आयफोनवर चालत नाही, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात असू द्या.

चौकोन-बाणांच्या आकृत्यांसाठी आम्ही लेखणीऐवजी माउस सुचवू. अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणीने (फोनला यूएसबी उपकरणे लावण्याच्या सोयीने) साधा यूएसबी माउस लावला की पडद्यावर बाण उमटतो आणि बोटाच्या रुंदीचा प्रश्नच संपतो. आयफोनवर हे सेटिंगमधल्या असिस्टिव्हटच या सोयीतून सुरू करावे लागते. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर आणखी बरे : कंट्रोल आणि डीने प्रत निघते, बाणांच्या कळांनी आकार एकेका एककाने सरकतो.

प्रश्न : मजकूर लिहून आकृती तयार होते असे ऐकले. फोनवर ते जमते का? करून पाहिले तर दर वेळी चूक दाखवते. (संगणकशास्त्राची विद्यार्थिनी)

जमते, आणि वीस-पंचवीस पायऱ्यांच्या फ्लोचार्टसाठी फोनवर याहून सोयीची पद्धत नाही. तुम्ही म्हणता ती मर्मेड, २०१४ मध्ये सुरू झालेली. पहिल्या ओळीत आकृतीचा प्रकार आणि दिशा, पुढे प्रत्येक ओळीत ‘हे, बाण, ते’ एवढेच लिहायचे. मांडणी ती स्वतः करते. ड्रॉ.आयओत ‘अरेंज, इन्सर्ट’मध्ये मर्मेडचा पर्याय आहे. काही आवृत्त्यांत तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या आत सापडतो.

चूक बहुधा तुमची नसून कीबोर्डची आहे. मर्मेडचा बाण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे मोठेपणाचे चिन्ह : -->. आयफोनचा कीबोर्ड सलग दोन रेघा दिल्या की त्यांची एक लांब रेघ करून टाकतो आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतो. दिसायला फरक सूक्ष्म, पण मर्मेडला तो बाण कळत नाही. ‘सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड’मध्ये ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा. इतर कीबोर्डवर आपोआप दुरुस्ती बंद ठेवा आणि मजकूर सजवणाऱ्या टिपणवहीऐवजी साध्या मजकुराच्या संपादकात लिहा.

मराठी लेबले सरळ दुहेरी अवतरणात ठेवा, कंस किंवा स्वल्पविराम आला तरी अडणार नाही. प्रत्येक पायरीला एक छोटे इंग्रजी अक्षर ओळख म्हणून द्या आणि मराठी नाव एकदाच, पहिल्या उल्लेखाला लिहा. ओळख म्हणून ‘एंड’ हा इंग्रजी शब्द लहान लिपीत वापरू नका. मर्मेडमध्ये त्याला स्वतःचा अर्थ आहे आणि फ्लोचार्ट तिथेच मोडतो. तरीही चूक दाखवत असेल तर शेवटच्या ओळीपासून वर एकेक ओळ काढत जा. जी ओळ काढल्यावर आकृती उमटेल, ती ओळ बिघडलेली.